कापडी पिशवी किती वेळा वापरली की परवडते? वस्तूच्या जीवनचक्राचा हिशेब कसा मांडावा

डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०१८ साली दुकानात मिळणाऱ्या पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा जगभर उचलला गेला: सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरली, तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरते. साध्या कापसाच्या पिशवीसाठी हाच आकडा ७,१००. पण त्याच अहवालात आणखी दोन आकडे आहेत आणि ते फारसे कुणी सांगत नाही. फक्त हवामानबदलाचा विचार केला, तर सेंद्रिय पिशवीला १४९ आणि साध्या पिशवीला ५२ वेळा वापर पुरतो. त्याआधी २०११ साली इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने कापडी पिशवीसाठी १३१ हा आकडा काढला होता.

यातला एकही आकडा गणित चुकल्यामुळे आलेला नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जीवनचक्राच्या हिशेबात, म्हणजे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत वस्तूचा पर्यावरणावर किती बोजा पडतो ते मोजताना, उत्तर बरंचसं ठरतं ते बेरीज-वजाबाकी सुरू होण्याआधी. काय मोजायचं, कुठून कुठपर्यंत मोजायचं आणि कशाशी तुलना करायची, हे ठरवतानाच निकाल कुठे झुकणार ते दिसू लागतं. हे निर्णय उघडपणे कसे घ्यायचे ते पायरीपायरीने पाहू. उदाहरण म्हणून एकच वस्तू शेवटपर्यंत धरू: महाराष्ट्रात शिवलेली मांजरपाटाची, १२० ग्रॅम वजनाची साधी पिशवी. बचत गट, छोटे उत्पादक, सोसायटीची समिती किंवा प्रकल्प करणारे विद्यार्थी, कुणालाही वही-पेन आणि किचनमधला वजनकाटा घेऊन हे करता येईल.

या कामाची जगन्मान्य चौकट आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत दिलेली आहे. तिचे टप्पे चार: उद्देश आणि व्याप्ती ठरवणं, लागणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गोष्टींची नोंद, परिणामांचं मोजमाप आणि निष्कर्ष. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर गुंता असतो.

पहिली पायरी: वस्तू नको, काम मोजा

“कापडी पिशवी विरुद्ध प्लॅस्टिकची पिशवी” ही तुलनाच अपुरी आहे. पिशवीने काय काम करायचं ते आधी लिहा. डॅनिश अभ्यासात ते असं होतं: सुपरमार्केटमधून २२ लिटर आकारमानाचं आणि १२ किलो वजनाचं सामान एकदा घरी नेणं. त्यांनी निवडलेली सेंद्रिय कापसाची पिशवी या मापापेक्षा थोडी लहान होती, म्हणून एका खेपेला दोन पिशव्या धरल्या गेल्या. म्हणजे २०,००० या आकड्यात पिशवीच्या मापाचा वाटा केवढा तरी आहे. शिवाय त्यांची तुलना जाडसर सुपरमार्केट-पिशवीशी होती, तर इंग्लंडच्या अभ्यासातली तुलना पातळ पिशवीशी. असे दोन आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता आपल्या मंडईत या. भाजीवाल्याकडे प्लॅस्टिकची पिशवी एकच मिळत नाही. कांदे-बटाटे एकीत, टोमॅटो दुसरीत, मेथीची जुडी तिसरीत, वर कोथिंबीर-मिरचीची एक चिमुकली पिशवी. कापडी पिशवी नेली आणि सगळं तिच्यातच घेतलं, तर ती एका खेपेला चार-पाच प्लॅस्टिक पिशव्या वाचवते. कापडी पिशवीच्या आत पुन्हा प्रत्येक भाजीची वेगळी प्लॅस्टिक पिशवी ठेवली, तर जवळपास काहीच वाचत नाही. ही बाब प्रत्यक्ष पाहून ठरवायला हवी. मंडईच्या दाराशी तासभर उभं राहून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात काय आहे, याची टिपणं केली तरी पुष्कळ कळतं.

तुमचं वाक्य असं काहीसं असेल: “चौघांच्या कुटुंबाची आठवड्याची भाजी वर्षभर मंडईतून घरी आणणं.” हेच तुमचं मोजमापाचं एकक. पुढचा प्रत्येक आकडा याच्याशी बांधलेला असेल.

दुसरी पायरी: हद्द आखा आणि ती लिहून ठेवा

आपल्या पिशवीची वाट अशी: कापसाचं शेत, जिनिंग, सूतगिरणी, यंत्रमाग, प्रक्रिया, शिवणकाम, दुकान, घर, धुणं, शेवटी कचरा. मांजरपाट न विरंजलेलं (ब्लीच न केलेलं) असेल तर प्रक्रियेचा टप्पा बराच हलका होतो. पांढराशुभ्र किंवा रंगीत कापड असेल, तर वाफेसाठीचं इंधन, रसायनं आणि सांडपाणी हिशेबात आलंच पाहिजे.

यंत्रमागाची शेड बांधायला लागलेलं सिमेंट धरायचं का? सहसा नाही, कारण ते लाखो मीटर कापडावर विभागलं जातं. शिवणाऱ्या ताईंचा बसप्रवास? तोही बहुतेक वेळा सोडतात. सोडायला हरकत नाही, मात्र जे सोडलं त्याची यादी हिशेबाच्या पहिल्याच पानावर हवी, आणि दोन्ही पिशव्यांसाठी हद्द एकाच ठिकाणी आखलेली हवी. कापसाची शेतापासून आणि प्लॅस्टिकची कारखान्यात आलेल्या दाण्यांपासून सुरुवात केली, तर कच्चं तेल आणि रिफायनरी गायब होतात आणि प्लॅस्टिक आयतंच जिंकतं.

तिसरी पायरी: आकडे जवळचे शोधा

इथे बहुतेकांचा दम निघतो. इकोइन्व्हेंटसारखे मोठे माहितीसाठे विकत घ्यावे लागतात. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी आत भरायची माहिती कुठून आणायची हा प्रश्न उरतोच. हाती लागते ती अनेकदा परदेशातली किंवा जागतिक सरासरी.

कापसाच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे ते बघा. विदर्भ-मराठवाड्यातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. “एक किलो कापडामागे १०,००० लिटर पाणी” हा जो जागतिक सरासरीचा आकडा सर्रास दिला जातो, त्यात पावसाचं आणि सिंचनाचं पाणी एकत्र आहे. यवतमाळच्या शेतावर पडणारा पाऊस तिथे कापूस नसता, तरी पडलाच असता. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत कोरडवाहू कापूस या आकड्याहून कितीतरी बरा ठरतो. खताच्या बाबतीत मात्र उलट होऊ शकतं. शेतात दिलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. स्थानिक मोजणी नसेल, तर हवामानबदलावरच्या आंतरशासकीय गटाच्या पद्धतीनुसार हा अंश १ टक्का धरतात. नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. त्यावरून हिशेब असा निघतो:

१ किलो नत्र → ०.०१५७ किलो नायट्रस ऑक्साइड → सुमारे ४.३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम.

समजा हेक्टरी १०० किलो नत्र दिलं. परिणाम झाला ४३० किलो. हेक्टरी ३५० किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघाली, तर किलोमागे १.२ किलो, ८०० किलो निघाली, तर किलोमागे ०.५४. खत तेवढंच, पण उतारा कमी म्हणून प्रत्येक किलोवरचा बोजा दुपटीहून जास्त. महाराष्ट्राचा कापसाचा उतारा जगाच्या सरासरीपेक्षा बराच कमी आहे, हे लक्षात ठेवूनच परदेशी आकडा उचलावा.

विजेचा आकडा मात्र घरचाच आणि विश्वासार्ह मिळतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रीडच्या विजेचा उत्सर्जन-गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो आकडा, प्रसिद्ध करतं. गेल्या काही वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. युरोपातल्या विजेचा गुणांक लावून भारतातल्या सूतगिरणीचा हिशेब करणं ही चूक मात्र सर्रास सापडते, विशेषतः तयार कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांकडून.

बाकी माहितीसाठी थेट माणसांकडे जा. यंत्रमागवाल्याकडे महिन्याचं वीजबिल असतं आणि महिन्यात किती मीटर कापड विणलं याची नोंदही. शिवणाऱ्यांना कापणीतला कचरा किती निघतो ते नेमकं ठाऊक असतं, चिंध्यांचं पोतं वजन करून पाहिलं की झालं. प्रत्येक आकड्यापुढे एक खूण करा: स्वतः मोजला, कुणी सांगितला, की पुस्तकातून घेतला. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

चौथी पायरी: सरकीचा वाटा

माझ्या मते पूर्ण प्रक्रियेतला सर्वांत अवघड प्रश्न हाच. शेतातून येतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी वेगळी होते. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघते, उरलेली घट. सरकीचं तेल निघतं, ढेप गाई-म्हशींना जाते. मग शेतातल्या खताचा, फवारणीचा, ट्रॅक्टरच्या डिझेलचा बोजा पिशवीने किती उचलायचा आणि दुधाने किती?

वजनाने वाटला, तर रुईच्या वाट्याला ३५ टक्के येतात. किमतीने वाटायचा, तर समजा रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३५ रुपये किलो. रुईचे झाले ५,१०० रुपये, सरकीचे २,२०५. म्हणजे रुईकडे ७० टक्के. तीच पिशवी, तेच शेत, पण वाटणीची पद्धत बदलताच शेतीचा बोजा दुप्पट. सरकीचे भाव चढले की पिशवी कागदोपत्री “स्वच्छ” होते, शेतात काडीचाही बदल न होता.

मानक सांगतं की आधी वाटणी टाळता येते का पाहा, नाहीच तर भौतिक नात्याने करा, तेही जमत नसेल तर किमतीने. कापसासाठी मला किमतीची वाटणी पटते, कारण शेतकरी कापूस लावतो तो मुख्यतः रुईच्या भावाकडे बघून. पण हे माझं मत झालं. तुम्ही दोन्ही पद्धतींनी हिशेब करा आणि दोन्ही उत्तरं दाखवा.

जुन्या साडीची पिशवी शिवत असाल, तर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. साडीचं आयुष्य संपलं असं धरून कापडाचा बोजा शून्य मानण्याची पद्धत रूढ आहे. पण ती साडी खरंच टाकून दिली जाणार होती का? बोहारणीकडे गेली असती, तर दुसऱ्या कुणीतरी नेसली असती. गोधडीत गेली असती, तर एक विकतचं पांघरूण वाचलं असतं. नेसण्याजोग्या साड्या कापून पिशव्या करणं आणि फाटक्या, विरलेल्या साड्यांच्या पिशव्या करणं, या दोन्हींना एकच शून्य लावू नये.

आता एक बेरीज

पुढचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. किमतीच्या वाटणीनंतर रुईचा किलोमागे परिणाम १.५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरू. एक किलो कापडाला १.२ किलो रुई लागते असं मानलं, तर शेतीचे झाले १.८. सूत आणि विणकामाला मिळून ६ युनिट वीज, ०.७२ च्या गुणांकाने ४.३. एकूण ६.१ किलो. आपली पिशवी १२० ग्रॅमची, म्हणजे ७३० ग्रॅम. शिवण आणि वाहतुकीचे ५० ग्रॅम धरून ७८० ग्रॅम. पातळ प्लॅस्टिकची पिशवी ६ ग्रॅमची आणि किलोला ३ किलो परिणाम धरला, तर तिचे १८ ग्रॅम.

एकास एक तुलना केली, तर कापडी पिशवी ४३ वेळा वापरल्यावर बरोबरी होते. मंडईतल्या खेपेला ती पाच प्लॅस्टिक पिशव्या वाचवत असेल, तर ९ वेळांतच. सरकीची वाटणी वजनाने केली, तर ४३ चे ३७ होतात. सूतगिरणी आणि माग पूर्णपणे सौर विजेवर चालत असतील आणि त्या विजेचा बोजा शून्याजवळ धरला, तर १५.

विजेचा वाटा शेतीच्या दुपटीहून जास्त निघाला, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. सेंद्रिय कापूस घ्यावा की नको यावर चर्चा रंगते आणि मागाला वीज कुठून येते हे कुणी विचारत नाही. तरीही सर्वांत मोठी उडी पहिल्या पायरीवरच आहे: एका खेपेत किती प्लॅस्टिक पिशव्या वाचल्या.

पाचवी पायरी: खरा वापर मोजा, टिकाऊपणा नव्हे

“ही पिशवी ५०० वेळा वापरता येते” हे वाक्य हिशेबात घेऊ नका. वापरता येणं आणि वापरली जाणं यांत मोठं अंतर आहे. लोकांना आठवून सांगायला लावलं, तर ते आपला वापर वाढवूनच सांगतात.

त्यापेक्षा भरवशाची एक युक्ती आहे. कुटुंब वर्षात किती खेपा करतं आणि घरात वर्षाला किती नव्या कापडी पिशव्या येतात, एवढंच विचारा. आठवड्याला चार खेपा म्हणजे वर्षाला २०८. वर्षाला सहा नव्या पिशव्या येत असतील, तर दीर्घ पल्ल्यात प्रत्येक पिशवीच्या वाट्याला सरासरी ३५ वापरच येतात, मग शिवण कितीही पक्की असो. उरलेल्या पिशव्या दारामागच्या खुंटीवर एकीत एक कोंबलेल्या राहतात.

सहा कुठून येतात? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण, लग्नाचा आहेर, साडीच्या दुकानाची, बँकेच्या कार्यक्रमातली, शाळेच्या स्नेहसंमेलनातली आणि घाईत रस्त्यावर घेतलेली एक. मघाच्या बेरजेशी ताडून बघा: ३५ वापर म्हणजे एकास एक तुलनेत पिशवी हरते, मंडईच्या तुलनेत जिंकते. वर्षाला दोनच पिशव्या घरात आल्या, तर वापर जातो १०४ वर आणि ती दोन्हीकडे जिंकते. म्हणून वाणात पिशवी वाटणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन: ज्या घरात आधीच दहा आहेत, तिथे अकरावी देऊ नका.

बाजारात “कापडी” म्हणून विकल्या जाणाऱ्या, दाबून चिकटवल्यासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. त्यांचा हिशेब वेगळा करा.

सहावी पायरी: शेवट कुठे होतो

डेन्मार्कमध्ये पिशवी शेवटी घरच्या कचऱ्याची पिशवी होते आणि भट्टीत जळून वीज-उष्णता देते. त्याचं श्रेय तिला मिळतं. इंग्लंडच्या अभ्यासात पातळ पिशव्यांचा साधारण ४० टक्के वाटा कचऱ्यासाठी पुन्हा वापरला जातो असं धरल्यावर कापडी पिशवीचे १३१ वापर १७३ वर गेले. आपल्याकडेही प्लॅस्टिक पिशव्या बंद झाल्यावर लोक कचऱ्यासाठी काळ्या पिशव्या विकत आणत असतील, तर ती खरेदी हिशेबात धरावी लागेल.

कचराभूमीवर एक विचित्र गोष्ट घडते. ढिगाऱ्यात हवा न मिळता कुजणारा कापूस मिथेन सोडतो, तर प्लॅस्टिक तसंच पडून राहतं आणि त्यातला कार्बन हवेत जात नाही. हवामानाच्या रकान्यात प्लॅस्टिकला शाबासकी मिळते. मिथेन शंभर वर्षांच्या मुदतीवर कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट धरतात, वीस वर्षांच्या मुदतीवर सुमारे ८० पट. म्हणजे मुदत निवडली की निकाल हलला. कापूस मुंबईतल्या देवनार कचराभूमीच्या डोंगरात गेला की ओल्या कचऱ्याबरोबर खतात, हे म्हणूनच विचारायला हवं.

सातवी पायरी: जे रकान्यात बसत नाही

डॅनिश अभ्यासाने रस्त्यावर, समुद्रात जाणारा कचरा धरला नाही, कारण त्यांच्या देशात त्याचं प्रमाण नगण्य मानलं गेलं. त्यांच्यासाठी ते ठीक असेल. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर गटारं तुंबवणाऱ्या पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, आणि मार्च २०१८ ची राज्यव्यापी बंदीही मुख्यतः याच अंगाने आली: तुंबलेले नाले, जनावरांच्या पोटातलं प्लॅस्टिक, कचरावेचकही उचलत नाहीत अशा हलक्या पिशव्या. जीवनचक्राच्या रूढ निर्देशकांत (मोजल्या जाणाऱ्या परिणामांच्या प्रकारांत) यातलं जवळपास काहीच मोजलं जात नाही. गाईच्या पोटातून निघालेल्या गोळ्याला किलो कार्बन डायऑक्साइडचं एकक लागत नाही.

यावर उपाय म्हणून सगळे परिणाम गुण देऊन एका आकड्यात कोंबायचा मोह होतो. तो टाळा. ७,१०० हा आकडा ओझोन थराच्या निर्देशकावरून आला होता, कारण तिथे सर्व निर्देशकांतला सर्वांत वाईट निकाल धरला गेला. हवामान, पाणी, कीटकनाशकं, उघड्यावरचा कचरा अशा वेगवेगळ्या ओळी ठेवा. ज्या ओळीत आकडा नाही, तिथे “मोजलेलं नाही, पण इथे महत्त्वाचं आहे” असं शब्दांत लिहा. कोरी ओळ शून्यासारखी वाचली जाते.

आठवी पायरी: हलवून बघा

तिसऱ्या पायरीवर केलेल्या खुणा आता काढा. पुस्तकातून घेतलेला किंवा ऐकीव प्रत्येक आकडा एकदा कमीत कमी आणि एकदा जास्तीत जास्त धरून उत्तर काढा. ज्यामुळे उत्तर फारसं हलत नाही, त्यावर वेळ घालवू नका. आपल्या पिशवीत शिवणयंत्राची वीज त्यातलीच. ज्याने निकाल पालटतो, ते मात्र प्रत्यक्ष मोजायलाच हवं. इथे त्या गोष्टी तीन: एका खेपेत वाचलेल्या पिशव्या, वर्षाला घरात येणाऱ्या नव्या पिशव्या आणि मागाची वीज. दोन्ही टोकांना एकच पिशवी जिंकत असेल, तरच “अमुक सरस” म्हणा.

नववी पायरी: दावा लिहिताना

ग्राहकांसमोर “पर्यावरणपूरक” असं मोघम लिहिणं आता धोक्याचंही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दाव्याला पुरावा लागतो आणि तो लोकांना पाहता यायला हवा. “आमची वस्तू त्यांच्या वस्तूपेक्षा सरस” असा तुलनात्मक दावा जाहीरपणे करायचा असेल, तर आयएसओ १४०४४ नुसार स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडून तपासणी हवी. वही-पेनाचा हिशेब त्यासाठी पुरेसा नाही. स्वतःचे निर्णय घ्यायला आणि खरेदीदाराच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तर द्यायला तो पुरतो.

लेबलवर किंवा माहितीपत्रकात लिहायचं वाक्य असं असू शकेल: “१२० ग्रॅमची न विरंजलेली सुती पिशवी. महाराष्ट्रातला कापूस आणि ग्रीडची वीज धरून केलेल्या आमच्या अंदाजानुसार, मंडईच्या प्रत्येक खेपेला पाच पातळ प्लॅस्टिक पिशव्या वाचल्या, तर हवामानाच्या दृष्टीने सुमारे ९ खेपांनंतर, आणि एकच वाचली तर सुमारे ४३ खेपांनंतर ही पिशवी फायद्यात येते. पाणी आणि कीटकनाशकं यांचा हिशेब यात नाही.” त्याखाली हिशेबाचं वर्ष टाका. कापडाचा पुरवठादार, कापडाची जाडी किंवा गिरणीची वीज बदलली की त्या आकड्यांवर काट मारा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. पहिल्या दोन पायऱ्यांची पानं बहुधा तशीच चालतील.